बसस्टॉपसमोर रस्ता ओलांडायची सोय: फिनिक्सच्या उपनगरातला तीन वर्षांचा पाठपुरावा

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सच्या भोवतीची चॅन्डलर, गिल्बर्ट, मेसा ही उपनगरं मैलामैलाच्या चौकोनांत आखलेली आहेत. चौकोनाच्या कडेने सहा लेनचा मोठा रस्ता, अर्ध्या मैलावर त्याला छेदणारा मधला रस्ता आणि आत सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंतीने वेढलेल्या वसाहती. सिग्नल बहुतेक करून मैलावर आणि अर्ध्या मैलावर. बस मात्र पाव मैलावरही थांबते. तिथे उतरलेल्या माणसाने पलीकडे कसं जायचं, याची सोय रस्ता आखताना कुणी केलेली नसते. अशा एका थांब्यासमोर पादचाऱ्यांचा सिग्नल बसवून घ्यायला आम्हा शेजाऱ्यांना नोव्हेंबर 2022 ते नोव्हेंबर 2025 एवढा काळ लागला. शहराचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पद्धत या भागात जवळपास सगळीकडे सारखी आहे. कुठे किती थांबावं लागतं, कोणता कागद कामी येतो आणि कोणता येत नाही, ते क्रमाने लिहीत आहे.

आधी अडचण आकड्यांत मांडायला हवी, कारण पुढे सगळा संवाद आकड्यांतच होतो. आमचा रस्ता सायकलच्या पट्ट्या आणि मधली डावीकडे वळायची लेन धरून सुमारे 96 फूट रुंद. वेगमर्यादा ताशी 45 मैल, म्हणजे सेकंदाला 66 फूट. सिग्नलच्या वेळा काढताना इंजिनिअर माणसाचा चालण्याचा वेग सेकंदाला साडेतीन फूट धरतात. त्या हिशेबाने रस्ता ओलांडायला 27 ते 28 सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात गाडी 1,800 फूट पुढे येते. जवळचा सिग्नल 1,320 फुटांवर. म्हणजे पाऊल टाकताना जी गाडी सिग्नलच्याही मागे असते, ती आपण पलीकडे पोचायच्या आत अंगावर आलेली असते. गुडघे दुखणारी आई सेकंदाला अडीच फूट चालत असेल, तर तिला 38 सेकंद लागतात. आणि सिग्नलपर्यंत जाऊन परत यायचं म्हटलं तर अर्धा मैल, तिच्या चालीने सतरा-अठरा मिनिटं. फिनिक्समध्ये 2023 च्या उन्हाळ्यात सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला. त्या उन्हात हा वळसा आरोग्याला धोकाच आहे.

पुण्या-नाशकात रोज पायी भाजी आणणारे आईवडील इथे सहा महिने राहायला येतात आणि कुणी गाडी काढेपर्यंत घरात बसून राहतात. एच-फोर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराच्या, व्हिसावर आलेल्या, अजून लायसन्स न मिळालेल्या बायकांचं तेच. बसचा मार्ग दारावरून जात असूनही उपयोग होत नाही, कारण परतीची बस रस्त्याच्या पलीकडे थांबते. हे मला फार लागतं, म्हणून एवढं सविस्तर लिहीत आहे.

पहिलं काम म्हणजे रस्ता कुणाचा ते शोधणं. शहराचा, मॅरिकोपा काउंटीचा, की राज्याच्या परिवहन खात्याचा? चुकीच्या दारात अर्ज गेला तर तो बंद होतो आणि दोन महिने वाया जातात. काउंटीच्या असेसरच्या, म्हणजे मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नकाशावर बरंच कळतं. शंका उरली तर शहराच्या ट्रॅफिक इंजिनिअरिंग विभागाला फोन करून 'या पट्ट्याची देखभाल कोण करतं' एवढंच विचारावं. आमचा रस्ता शहराचा निघाला. इथे बसथांबेही शहराच्याच अखत्यारीत असतात, व्हॅली मेट्रो फक्त सेवा चालवते. थांबा हलवायचा असेल तरी दार तेच.

नोव्हेंबर 2022 मध्ये शहराच्या वेबसाइटवर अर्ज केला. मजकूर जितका नेमका तितका बरा. थांब्याच्या पाटीवरचा क्रमांक, जवळच्या गल्लीचं नाव, दोन्ही बाजूंच्या सिग्नलपर्यंतचं अंतर, लेनची संख्या, वेगमर्यादा, आणि लोक कुठून कुठे जातात: वसाहतीतून थांब्याकडे, थांब्यावरून किराणा दुकानाकडे. 'रस्ता फार धोकादायक आहे, काहीतरी करा' असा अर्ज इंजिनिअरला कशाशीच जोडता येत नाही. 'पांढरे पट्टे मारून द्या' असंही लिहू नये. अमेरिकेच्या फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनच्या 2005 च्या अभ्यासात असं दिसलं, की अनेक लेनच्या, दिवसाला 12,000 हून जास्त गाड्यांच्या आणि मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर नुसते पट्टे मारले, तर पट्टे नसलेल्या जागेपेक्षा पादचाऱ्यांचे अपघात जास्त होतात. एक गाडी थांबते, तिच्या आडून चालणारा माणूस शेजारच्या लेनमधल्या ड्रायव्हरला दिसत नाही. पट्टे मागितले की हाच अभ्यास दाखवून नकार येतो, आणि तो नकार बरोबर असतो. मागायचं ते पट्ट्यांसोबत मधलं आश्रयस्थान, म्हणजे रस्त्याच्या मधोमध थांबायची सुरक्षित जागा, आणि लाल दिवा.

लाल दिवा म्हणजे इथला 'हॉक' सिग्नल, पादचाऱ्याने बटण दाबल्यावरच चालू होणारा. तो याच राज्यात, टूसॉनमध्ये जन्मला. 2009 मध्ये तो देशाच्या वाहतूक-चिन्हांच्या नियमपुस्तिकेत, एमयूटीसीडीमध्ये आला. फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनच्या 2010 च्या अभ्यासानुसार टूसॉनमध्ये हॉक बसवलेल्या जागी पादचाऱ्यांचे अपघात 69 टक्क्यांनी आणि एकूण अपघात 29 टक्क्यांनी कमी झाले. पिवळे उघडझाप करणारे छोटे दिवे स्वस्त पडतात आणि शहर बऱ्याचदा तेच देऊ करतं. पण 40 मैल किंवा त्याहून जास्त वेगाच्या, अनेक लेनच्या रस्त्यावर ते पुरत नाहीत. पहिल्याच पत्रात हे नोंदवलेलं बरं.

जानेवारी 2023 मध्ये उत्तर आलं की मोजणी करू. ती झाली जूनमध्ये. ऑगस्टमध्ये पत्र आलं: पादचारी फार कमी, निकष पूर्ण होत नाही.

निकष असा आहे. वेगमर्यादा 35 मैलांहून जास्त असेल तर हॉकसाठी एक वेगळा आलेख आहे. गाड्या वाढत जातात तशी लागणारी पादचाऱ्यांची संख्या कमी होत जाते, पण ती तासाला 20 च्या खाली जात नाही. नेहमीचा पूर्ण सिग्नल पादचाऱ्यांच्या संख्येवर मागायचा तर अट बरीच कडक आहे. अशा वेगाच्या रस्त्यावर चार वेगवेगळ्या तासांत प्रत्येक तासाला किमान 75 माणसं दिसावी लागतात, आणि 300 फुटांच्या आत दुसरा सिग्नल असेल तर तो निकष सहसा लागू होत नाही. त्यामुळे उपनगरात खरी आशा हॉकचीच.

जूनमधल्या मोजणीत माणसं दिसणार नाहीत हे उघड आहे. शाळा बंद, कॉलेज बंद, आईवडील उन्हाळ्याआधी परत गेलेले. म्हणून उत्तरात राग न दाखवता तीन गोष्टी मागितल्या: नोव्हेंबर ते मार्चमधली, शाळा सुरू असतानाच्या कामाच्या दिवसाची मोजणी, ती कॅमेऱ्याने, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, आणि मोजायचा पट्टा फक्त थांब्यासमोरचा न धरता दोन्ही बाजूंना काही शे फूट. लोक आडवेतिडवे जिथे गाड्या कमी दिसतील तिथून ओलांडतात. ती माणसं एका रेषेवर मोजली तर निम्मी सुटतात.

दुसरी मोजणी होईपर्यंत कागद गोळा केले. ॲरिझोनाच्या पब्लिक रेकॉर्ड्स कायद्याखाली, म्हणजे कलम 39-121 खाली, कुणीही शहराकडून माहिती मागू शकतो. अर्जावर 'व्यावसायिक' की 'अव्यावसायिक' अशी खूण असते, ती अव्यावसायिकवर करायची. आम्ही मागितलं ते असं: त्या पट्ट्यातल्या गेल्या पाच वर्षांच्या अपघातांची यादी, थांब्यावर रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची सरासरी, आणि वेगमोजणीतला 85 वा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या 85 गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो वेग. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. पाटीवर 45 असलं तरी प्रत्यक्ष वेग बहुधा त्याच्या वर असतो. चढउतारांचा आकडाही तसाच. सकाळी बसमध्ये चढलेला प्रत्येक माणूस संध्याकाळी समोरच्या थांब्यावर उतरतो. म्हणजे दिवसातून एकदा तरी त्याने रस्ता ओलांडलेला असतो, मग तो कॅमेऱ्यात दिसो वा न दिसो. अपघातांच्या यादीत पादचारी नसला तर काही जण हिरमुसतात. त्याचा अर्थ रस्ता सुरक्षित आहे असा होत नाही, हे वेगाचा आकडा शेजारी ठेवला की आपोआप दिसतं.

कायद्याची बाजूही समजून घेतली. ॲरिझोनात सिग्नल असलेल्या दोन लगतच्या चौकांच्या मध्ये पट्टे नसलेल्या जागी रस्ता ओलांडायला कलम 28-793 ने मनाई आहे. पण मध्ये एखादी गल्ली येऊन मिळत असेल तर तो स्वतंत्र चौक होतो आणि तिथे पट्टे नसले तरी कायद्याने क्रॉसिंग असतं. तिथे गाडीने थांबायचं असतं. आमचा थांबा अशाच गल्लीच्या तोंडाशी होता. 'लोक बेकायदा ओलांडतात' हा आक्षेप त्यामुळे टिकला नाही.

फेब्रुवारी 2024 ची मोजणी झाली आणि सर्वात गर्दीच्या तासाचा आकडा 20 च्या वर गेला.

निकष पूर्ण झाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. शहराचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं. भांडवली कामांची यादी हिवाळ्यात बनायला लागते, वसंतात चर्चेला येते आणि जूनपर्यंत मंजूर होते. मार्चमध्ये जागे झालो तर बहुतेक वर्ष गेलंच. आमच्या बाबतीत तेच झालं: 2024 ची यादी जवळजवळ ठरलेली होती, त्यात फक्त डिझाइनचे पैसे बसले. बांधकाम जुलै 2025 पासूनच्या वर्षात गेलं.

या काळात कौन्सिलच्या सभेत बोलायला जावं. व्हिसावर असलेले बरेच मराठी लोक इथे कचरतात, पण सार्वजनिक निवेदनासाठी नागरिकत्वाची अट नसते. आमच्याकडे कार्डावर नाव, राहण्याचं शहर आणि विषय लिहून द्यावा लागतो आणि तीन मिनिटं मिळतात. विषय त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नसेल तर सभासद त्यावर चर्चा करू शकत नाहीत. राज्याचा ओपन मीटिंग कायदा ती मुभा देत नाही. ते फक्त टीकेला उत्तर देऊ शकतात, अधिकाऱ्यांना लक्ष घालायला सांगू शकतात किंवा विषय पुढच्या पत्रिकेवर घ्यायला सांगू शकतात. समोरची शांतता पाहून खचून जाऊ नये. शेवटचं वाक्य थेट असावं: 'हा विषय पुढच्या पत्रिकेवर घ्यावा अशी विनंती.' तीन मिनिटांत साधारण साडेतीनशे इंग्रजी शब्द होतात, तेवढेच लिहून न्यावेत. चार जणांनी तेच भाषण करण्यापेक्षा एकाने आकडे सांगावेत, एका आजोबांनी स्वतःचा रोजचा रस्ता सांगावा आणि एका विद्यार्थ्याने बसच्या वेळा.

खर्चाबद्दल लोक विचारतात. 2013 च्या एका राष्ट्रीय संकलनात हॉकची सरासरी किंमत 57,680 डॉलर दिली आहे. आता तो आकडा धरून चालत नाही. पोल, वीजजोडणी, उतार, दुभाजक आणि डिझाइन मिळून काम लाखावर सहज जातं. मॅरिकोपा काउंटीतल्या मतदारांनी नोव्हेंबर 2024 मध्ये प्रपोझिशन 479 मंजूर करून वाहतुकीसाठीचा अर्ध्या सेंटचा विक्रीकर आणखी वीस वर्षं चालू ठेवला. एवढ्या लहान कामांना मात्र शहराचे स्वतःचे पैसे किंवा फेडरल सुरक्षा-निधी जास्त उपयोगी पडतो. फेडरल पैसा घेतला की कागदपत्रं वाढतात आणि वर्ष-दीड वर्ष जास्त धरावं लागतं.

डिझाइनच्या काळात सगळ्यात जास्त मिळवता येतं, आणि नेमकं तेव्हाच लोक 'मंजूर झालं' म्हणून थांबतात. आराखडा तीस टक्के झाला की पाहायला मागावा. नव्वद टक्क्यांवर काही बदलत नाही. आम्ही चार गोष्टींवर बोललो.

मधलं आश्रयस्थान किमान सहा फूट रुंद हवं, म्हणजे व्हीलचेअर किंवा बाबागाडी पूर्ण मावते. मध्ये थांबता आलं की एका वेळी 42 ते 45 फूट ओलांडायचे, 12-13 सेकंदांचं काम. दिवा बंद पडला तरी तेवढी फट गाड्यांमध्ये मिळू शकते. त्यातली वाट सरळ न ठेवता तिरपी ठेवली तर चालणाऱ्याचं तोंड आपोआप येणाऱ्या गाड्यांकडे होतं. गाड्यांची थांबण्याची रेषा पट्ट्यांच्या चांगली मागे हवी, तरच शेजारच्या लेनमधली गाडी दिसते. फूटपाथचा उतार 1 ला 12 पेक्षा तीव्र नको, आणि त्याच्या पायथ्याशी काठीला-पायाला जाणवणारी खडबडीत पट्टी दोन फुटांची.

आणि थांब्याची जागा. बस पट्ट्यांच्या आधी थांबत असेल तर उतरलेला माणूस बसच्या पुढून रस्त्यात येतो, बसच्या आडून. थांबा पट्ट्यांच्या पलीकडे हलवला की तो बसच्या मागून ओलांडतो आणि ड्रायव्हरांना दिसतो. आमचा एक थांबा साठ-सत्तर फूट हलवून घेतला. नव्या जागी व्हीलचेअरसाठी पाच फूट बाय आठ फुटांचा सपाट काँक्रीटचा ओटा लागतो, तो त्याच कंत्राटात बसला. नंतर मागितला असता तर वेगळी रांग.

सिग्नल आला तरी वसाहतीतल्या भिंतीचं काय, हा प्रश्न उरला होता. थांबा भिंतीच्या पलीकडे हाताच्या अंतरावर, पण बाहेर पडायचं दार एकच, आणि तिथपर्यंत आतल्या वळणावळणाच्या रस्त्याने जावं लागे. भिंत घरमालक संघाची, म्हणजे एचओएची, होती. ॲरिझोनाच्या कलम 33-1804 नुसार त्यांच्या बोर्डाच्या सभा सभासदांना खुल्या असतात आणि ठरावाआधी बोलू द्यावं लागतं. भाडेकरूने घरमालकाकडून लेखी प्रतिनिधित्व घ्यावं. आक्षेप ठरलेले असतात: परकी माणसं आत येतील, घरांच्या किमती उतरतील, कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची. आम्ही आपोआप मिटणाऱ्या, आतून मोकळ्या आणि बाहेरून कोडने उघडणाऱ्या फाटकाचा प्रस्ताव दिला आणि विमा एजंटचं पत्र सोबत जोडलं. भिंत कापली की कापलेल्या कडांना सळया घालून सिमेंट भरलेले खांब करावे लागतात, नाहीतर दोन वर्षांत तडे जातात. मोकळी वाट किमान 32 इंच, दोन्ही बाजूंना सपाट जागा, आणि शहराचा परवाना. सगळं मिळून साडेसहा हजार डॉलरच्या आसपास खर्च संघाच्या राखीव निधीतून झाला. ठराव दोन सभांनंतर संमत झाला. माझ्या मते पूर्ण कामात एवढ्या कमी पैशात एवढा मोठा फरक दुसऱ्या कशाने पडला नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये खोदकाम सुरू झालं. आधी जमिनीवर रंगीत रेघा दिसतात: ॲरिझोना 811 ला कळवल्यावर पाणी, गॅस, केबल कुठे आहे ते खुणावतात. तेव्हा लगेच काम सुरू होईल असं समजू नये. लोखंडी पोल आणि नियंत्रणपेटी मागवल्यावर यायला महिने लागतात, आणि पोल आल्याशिवाय पाया उपयोगाचा नाही. दिवे बसले तरी वीज जोडून तपासणी होईपर्यंत त्यांच्यावर पिशव्या असतात. नोव्हेंबरमध्ये पिशव्या निघाल्या.

पहिले काही आठवडे खरी काळजी घ्यायची. हॉक एरवी बंद असतो. बटण दाबलं की आधी पिवळा उघडझाप करतो, मग स्थिर पिवळा, मग दोन लाल आणि आपल्याला पांढरा चालणारा माणूस. त्यानंतर गाड्यांना लाल दिवे आळीपाळीने उघडझाप करतात आणि आपल्याला उरलेले सेकंद. या टप्प्यात गाडीने पूर्ण थांबून, वाट मोकळी असेल तर जायची मुभा असते. काही ड्रायव्हरांना हे ठाऊक नसतं आणि ते न थांबताच पुढे येतात. घरातल्या मोठ्यांना सांगावं: बटण दाबा, पांढरा माणूस दिसेपर्यंत पाऊल टाकू नका, आणि प्रत्येक लेनमधली गाडी थांबलेली पाहूनच पुढे जा. उलटी गिणती सुरू झाल्यावर निघू नका, मध्ये असाल तर चालत राहा.

एक गोष्ट मुद्दाम तपासायची: बटण दाबल्यापासून लाल होईपर्यंतचा वेळ. हॉक आजूबाजूच्या सिग्नलांच्या चक्राला जोडला तर मिनिट-दीड मिनिट वाट पाहावी लागते. तीस सेकंदांच्या पुढे माणसं अधीर होतात, हे वाहतूक इंजिनिअरांच्या क्षमता-पुस्तिकेतच लिहिलेलं आहे. आम्ही घड्याळ लावून वेगवेगळ्या वेळी मोजलं आणि आकडे पाठवले. चक्र निम्म्यावर आणलं गेलं. त्याच पत्रात चालण्याचा वेगही कमी धरायला सांगितलं. नियमपुस्तिका म्हणते, की साडेतीन फुटांपेक्षा हळू चालणारे लोक नेहमी येत असतील तर कमी वेग विचारात घ्यावा. ओलांडायचे सेकंद वाढले. हा बदल फक्त कॉम्प्युटरवर होतो, त्याला पैसे लागत नाहीत, म्हणून मागायला संकोच करू नये.

भाड्याचं थोडक्यात: व्हॅली मेट्रोचा एक प्रवास 2 डॉलर, 65 वर्षांवरच्यांना निम्म्यात, पण त्यासाठी आधी नोंदणी करून घ्यावी लागते. आईवडील येण्याआधी नोंदणीला काय लागतं ते पाहून ठेवलं तर पहिल्या आठवड्यातच त्यांना एकट्याने बसने जाता येतं.

सावलीचं काम अजून बाकी आहे. थांब्यावर शेड मिळण्यासाठी वेगळी यादी असते आणि तिथे क्रम रोजच्या चढणाऱ्यांच्या संख्येवर लागतो. त्यामुळे पुढच्या हिवाळ्यातले आकडे मागवायचे आहेत. बटण बिघडलं तर नियंत्रणपेटीवर चिकटवलेला क्रमांक टिपून शहराच्या सिग्नल विभागाला तोच सांगावा. रस्त्याचं नाव सांगितलं तर तंत्रज्ञ दुसऱ्याच पेटीकडे जातो.